आत्याची सायकल आणि नैऋत्येचा वारा

या रे, जवळ सरका. आज पाऊस काही थांबायचा नाही, पडवीतच बसू. चिमणे, दार तेवढं ओढून घे, आत झड येतेय. आज आत्याच्या सायकलीची गोष्ट सांगतो. सायकल आत्याची, पण गोष्ट खरं तर वाऱ्याची आहे.

तुमची आत्या इंग्लंडात राहते. तिथल्या लहान मुलांच्या एका रुग्णालयासाठी पैसे उभे करायचे म्हणून ती आणि तिच्या चार मैत्रिणी लांबच्या वाटेला निघाल्या. तिकडे ही रीतच आहे. ‘मी हे अवघड अंतर तोडतो, तुम्ही या कामाला देणगी द्या,’ असं माणसं शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगतात आणि खरोखर निघतात. क्रिकेटवाला इयन बोथम तुम्हाला ठाऊक आहे ना? रक्ताच्या कर्करोगावरच्या संशोधनाला पैसे मिळावेत म्हणून १९८५ साली तो अख्खं ब्रिटन पायी चालला होता.

भिंतीवरचा नकाशा काढा बघू. हे खाली डावीकडचं टोक लँड्स एंड, म्हणजे जमिनीचा शेवट. आणि हे वर, स्कॉटलंडच्या अगदी उत्तरेला, जॉन ओ’ग्रोट्स. रस्त्याने सुमारे १४०० किलोमीटर. सांगा, खालून वर जावं की वरून खाली?

“वरून खाली! उतार लागेल,” थोरला म्हणतोय. अरे, नकाशातलं ‘वर’ म्हणजे उंच नव्हे. दोन्ही टोकं समुद्रालाच टेकलेली आहेत. तरीही बहुतेक सायकलवाले खालूनच निघतात. बोथम उलटा चालत आला, पण सायकलवाला सहसा तसं करायला धजत नाही. कारण आहे वारा.

तू सायकल ताशी २० किलोमीटरने चालवतोस असं धर. हवा स्तब्ध असली तरी ती तुझ्या छातीला २०च्या वेगाने लागते. आता समोरून २०चाच वारा सुटला, तर ती ४०ने लागेल. वेग दुप्पट झाला की हवेचा रेटा मात्र दुप्पट होत नाही, चौपट होतो! आणि तोच वारा पाठीमागून आला तर? तू २०, वाराही २०. तुझ्यापुरती हवा जागच्या जागी उभी, रेटा शून्य. पाय तेच, सायकल तीच, आणि फरक केवढा! म्हणून आत्या आणि तिच्या मैत्रिणी पाळीपाळीने पुढे राहायच्या. पुढचीने हवा फोडायची, बाकीच्यांनी तिच्या आडोशाने जायचं. थंडीत जायकवाडीवर उतरणारे पाहुणे पक्षी आकाशात बाणाच्या टोकासारखी रांग धरतात. त्यांनाही पुढच्याच्या पंखांनी हललेल्या हवेचा आधार मिळतो.

जॉर्ज पिलकिंग्टन मिल्स नावाचा १९ वर्षांचा मुलगा १८८६ साली याच वाटेने गेला. पुढचं चाक माणसाच्या छातीएवढं आणि मागचं इवलंसं, अशी त्याची सायकल होती. तिच्यावरून त्याने पाच दिवस, एक तास आणि ४५ मिनिटांत हे अंतर तोडलं. २०१८ साली मायकेल ब्रॉडविथने साडेत्रेचाळीस तासांच्या आत विक्रम केला. दोघेही नैऋत्येकडून ईशान्येकडे गेले. अशा विक्रमाला निघणारी माणसं पाठीशी वारा मिळावा म्हणून दिवस न् दिवस हवामानाचा अंदाज बघत बसतात.

आता खरा प्रश्न. तिथला वारा बहुतेक वेळा नैऋत्येकडूनच का येतो?

अटलांटिक महासागरात अझोर्स नावाची बेटं आहेत. त्यांच्या आसपास हवेचा दाब जास्त असतो, आणि वर आइसलंडच्या बाजूला कमी. हवा जास्त दाबाकडून कमी दाबाकडे धावते, म्हणजे इथे दक्षिणेकडून उत्तरेकडे. ती सरळ उत्तरेला गेली असती, पण तिच्याखालची पृथ्वी फिरतेय ना! विषुववृत्तावरची जमीन ताशी जवळजवळ १६७० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे पळते. तेवढ्याच वेळात ब्रिटनला छोटं वर्तुळ पुरं करायचं असतं, म्हणून तिथली जमीन हजाराच्या आसपास वेगाने जाते. दक्षिणेची हवा पूर्वेकडचा आपला जास्तीचा वेग बरोबर घेऊन उत्तरेला येते, आणि खालच्या जमिनीच्या पुढे निघून जाते. म्हणजे उजवीकडे वळते. दक्षिणेकडून निघालेला वारा असा वळत वळत नैऋत्येचा होतो.

पण वारा पाठीशी आहे म्हणून वाट सोपी होत नाही. अटलांटिकवर उत्तरेची गार हवा आणि दक्षिणेची उबदार, दमट हवा एकमेकींना भिडतात, आणि तिथे वादळं जन्मतात. अशी वादळं एकामागून एक पूर्वेकडे सरकत ब्रिटनवर येतात. २०१५पासून तिथलं हवामान खातं मोठ्या वादळांना माणसांसारखी नावंही देतं.

आत्याला वादळाने गाठलं ते शॅपच्या चढावर. इंग्लंडच्या उत्तरेला चारशे मीटरहून उंच असं ते उघडंबोडकं माळरान आहे. सकाळपासून पाठीशी उबदार वारा आणि रिपरिप पाऊस होता. दुपारी पश्चिमेकडून काळीकभिन्न भिंत आली, पाऊस आडवा झोडपू लागला आणि बघता बघता वारा वायव्येचा झाला. पाठीवरचा हात डाव्या गालावर थप्पड बनून आला, म्हणाली आत्या. काय झालं होतं? गार हवा जड असते. ती उबदार हवेच्या बुडाखाली पाचरीसारखी घुसते आणि तिला उचलून वर फेकते. वर गेलेली हवा निवते, तिच्यातली वाफ ढग होऊन कोसळते. ती पाचर आत्याच्या डोक्यावरून पुढे सरकली होती.

त्या पाचही जणी भिजून काकडल्या. मैत्रिणींतली एक तर इतकी कापत होती की तिला ब्रेक दाबता येईना. माठातलं पाणी गार कसं होतं? बाहेर झिरपलेलं पाणी वाळताना माठातली उष्णता घेऊन जातं. ओल्या कपड्यांवर वारा लागला की माणसाचाही माठ होतो. आत्याने सगळ्यांना एका दगडी भिंतीच्या आडोशाला बसवलं, त्या मैत्रिणीला कोरडे कपडे घालायला लावले, गरम चहा पाजला आणि पाऊस ओसरेपर्यंत कुणाला हलू दिलं नाही. मला तिचा अभिमान वाटतो तो या थांबण्याचा. देणगी १४०० किलोमीटरची होती, पण जीव तर मुलांसाठीच राखायचा होता ना!

पुढे स्कॉटलंडात निसर्गाने भरपाई केली. तिथे ‘ग्रेट ग्लेन’ नावाची लांबच लांब दरी आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी जमिनीच्या कवचाला तडा गेला, त्यातून ती घडली. लॉक नेस हे प्रसिद्ध सरोवर तिच्यातच आहे. दरी नेमकी नैऋत्येकडून ईशान्येकडे जाते. दोन्ही बाजूंच्या डोंगरांमुळे वारा नळीतून फुंकल्यासारखा तिच्यातून वाहतो, आणि त्या दिवशी तो पुन्हा नैऋत्येचा झाला होता. आत्या म्हणाली, बाबा, कुणीतरी पाठीला हात लावून ढकलत नेत होतं. मग दोन-तीन दिवसांत समुद्र दिसला. रुग्णालयाला पैसे पोचले.

आता बाहेर बघा. आपल्या माडाच्या झावळ्या कुणीकडे झुकल्यात? ईशान्येला. म्हणजे आपलाही वारा नैऋत्येचाच! तो निघतो विषुववृत्ताच्या पलीकडून, तेव्हा आग्नेयेचा असतो. विषुववृत्त ओलांडलं की तोही उजवीकडे वळतो, आणि अरबी समुद्राचं पाणी घेऊन सह्याद्रीला धडकतो. आत्याचा वारा आणि आपला मोसमी वारा एकाच फिरत्या पृथ्वीने वळवलेत.

बाईस बॅलट नावाच्या डच शास्त्रज्ञाने १८५७ साली एक साधा नियम सांगितला. आपल्या उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभं राहिलं, की कमी दाबाची जागा साधारण डाव्या हाताला असते. आत्याने लँड्स एंडला असा हात पसरला असता, तर तो आइसलंडकडे गेला असता.

पाऊस जरा उघडला की अंगणात जा, वाऱ्याकडे पाठ करा आणि डावा हात पसरा. तो वायव्येकडे, तापलेल्या थरच्या वाळवंटाकडे जाईल. आपला पाऊस ओढून आणणारा कमी दाब जुलैत तिथेच असतो.