चाचणी कोठवर पोहोचली?

खिशात ठेवून गाणी ऐकण्याचे ‘झून’ नावाचे यंत्र मायक्रोसॉफ्ट कंपनीने २००६ साली बाजारात आणले. ३१ डिसेंबर २००८ रोजी त्यांपैकी ३० गिगाबाइट क्षमतेची यंत्रे जगभर एकाएकी अडून बसली. कळा दाबल्या तरी काही होईना. कंपनीने उपाय सुचवला तो असा : बॅटरी पूर्ण उतरू द्या आणि १ जानेवारीला ग्रिनिच वेळेनुसार दुपारचे बारा वाजून गेल्यावर यंत्र पुन्हा सुरू करा. तसे केल्यावर यंत्रे पूर्ववत चालू लागली!

यंत्राचा कोणताही भाग झिजला किंवा तुटला नव्हता. दोष होता तो तारीख काढणाऱ्या आज्ञावलीच्या, म्हणजेच प्रोग्रॅमच्या, मोजक्या ओळींत. मग चाचणीत तो आधी का सापडू नये? हे समजण्यासाठी त्या ओळीच तपासून पाहू.

सात ओळींचे कोडे

यंत्रातील घड्याळ फक्त दिवस मोजते. १ जानेवारी १९८० हा पहिला दिवस. दिवसांच्या या संख्येवरून चालू वर्ष काढायचे आहे. सुरुवातीला वर्ष १९८० धरायचे. त्या आज्ञावलीचे सार मराठीत असे मांडता येईल :

ओळ १ : दिवस ३६५ हून अधिक असतील तर ओळ २ कडे जा, नसतील तर थांब.
ओळ २ : वर्ष लीप असेल तर ओळ ३ कडे जा, नसेल तर ओळ ६ कडे जा.
ओळ ३ : दिवस ३६६ हून अधिक असतील तर ओळ ४ कडे जा, नसतील तर ओळ १ कडे परत जा.
ओळ ४ : दिवसांतून ३६६ वजा कर.
ओळ ५ : वर्षात १ मिळव आणि ओळ १ कडे परत जा.
ओळ ६ : दिवसांतून ३६५ वजा कर.
ओळ ७ : वर्षात १ मिळव आणि ओळ १ कडे परत जा.

आता कागद-पेन्सिल घ्या आणि दिवसांची संख्या ८०० धरून चाचणी करा. १९८० हे लीप वर्ष, म्हणून ८०० मधून ३६६ वजा होऊन ४३४ उरतात व वर्ष १९८१ होते. १९८१ हे लीप नाही, म्हणून ३६५ वजा होऊन ६९ उरतात व वर्ष १९८२ होते. ६९ ही संख्या ३६५ हून कमी असल्याने काम थांबते. १९८२ चा ६९ वा दिवस म्हणजे १० मार्च. उत्तर अगदी बरोबर!

व्याप्ती कशी मोजतात?

आज्ञावलीच्या एखाद्या लहान भागाची अशी स्वतंत्र परीक्षा घेणे याला ‘युनिट टेस्ट’ किंवा एकक-चाचणी म्हणतात. अशा चाचण्यांनी आज्ञावलीचा किती भाग प्रत्यक्ष चालवून पाहिला, याचे माप म्हणजे ‘कोड कव्हरेज’. मराठीत त्याला आपण चाचणीची व्याप्ती म्हणू. ही कल्पना बरीच जुनी आहे. जोन मिलर आणि क्लिफर्ड मलोनी यांनी १९६३ सालीच अशा पद्धतशीर तपासणीवर लेख लिहिला होता.

मोजण्याची रीत सोपी आहे. मोजणारे साधन आज्ञावलीवर पहारा ठेवते आणि चाचणी चालू असताना जी ओळ चालेल तिच्यापुढे खूण करते. आपल्या चाचणीत सातही ओळी चालल्या, म्हणून ओळींची व्याप्ती ७ पैकी ७, म्हणजे शंभर टक्के!

पण थोडे थांबा. ओळी १, २ आणि ३ येथे रस्ता फुटतो. प्रत्येक ठिकाणी दोन वाटा, म्हणजे एकूण सहा. आपण त्यांतल्या किती वाटांनी गेलो? ओळ ३ वरून मागे वळणारी वाट आपण पाहिलीच नाही. म्हणजे वाटांची व्याप्ती ६ पैकी ५, सुमारे ८३ टक्के. चाचणी तीच, पण काय मोजायचे ते बदलताच आकडाही बदलला.

आणि नेमकी त्याच वाटेवर खोट होती. दिवसांची संख्या ३६६ घ्या. ही ३१ डिसेंबर १९८० ची संख्या. ३६६ हे ३६५ हून अधिक आहेत, वर्ष लीप आहे, पण ३६६ हे ३६६ हून अधिक नाहीत. म्हणून आपण ओळ १ कडे परत आलो. काहीच बदललेले नाही. पुन्हा तोच फेरा, पुन्हा तीच ओळ! घाण्याच्या बैलासारखे यंत्र फिरतच राहते. ‘झून’ बाजारात आल्यानंतरच्या पहिल्याच लीप वर्षाच्या अखेरच्या दिवशी हेच घडले.

साधनाला काय सांगावे?

पायथन भाषेसाठी ‘कव्हरेज’ नावाचे मोफत साधन मिळते. मुद्दाम सांगितले नाही तर ते फक्त ओळी मोजते. वाटा मोजायच्या असतील तर ‘ब्रँच’ ही सूचना चालू करावी लागते. दुसरी सूचना ‘सोर्स’, म्हणजे कोणत्या फाइली हिशेबात धरायच्या ते. ती दिली नाही, तर चाचणीत एकदाही न वापरलेली फाइल हिशेबातून गळते आणि टक्केवारी उगाच फुगते. ‘ओमिट’ या सूचनेने काही फाइली वगळता येतात. मात्र अवघड भाग वगळून आकडा वाढवणे ही निव्वळ फसवणूक होय. व्याप्ती ठरावीक टक्क्यांखाली गेली तर चाचणी नापास ठरवावी, अशीही सूचना देता येते.

किती व्याप्ती पुरेशी, हे काम किती जोखमीचे आहे यावर ठरते. प्रवासी विमानांतील आज्ञावलींसाठी २०११ सालच्या ‘डीओ-१७८सी’ या नियमावलीत दर्जे ठरवले आहेत. जिथे दोषाचे परिणाम मोठे पण आटोक्यातले, तिथे सर्व ओळी तपासणे पुरते. त्याहून गंभीर असतील तर प्रत्येक निर्णयाच्या दोन्ही बाजू तपासाव्या लागतात. जिथे चुकीमुळे विमान कोसळू शकते, तिथे निर्णयातील प्रत्येक अट स्वतंत्रपणे तो निर्णय बदलू शकते, हेही दाखवावे लागते.

शंभर टक्के म्हणजे निर्दोष नव्हे

समजा, कोणी दुरुस्ती म्हणून ओळ ३ मध्ये ‘३६६ हून अधिक’ ऐवजी ‘३६६ किंवा अधिक’ असे लिहिले. आता यंत्र अडणार नाही. पण ३६६ मधून ३६६ गेले की उरले शून्य, आणि उत्तर येते १९८१ चा शून्यावा दिवस! चाचणीने उत्तर पडताळलेच नाही, तर ही चूक तशीच सुटेल. साधन ओळ चालली की नाही एवढेच पाहते. उत्तर बरोबर आहे का, हे चाचणी लिहिणाऱ्यानेच विचारायचे असते.

जो नियम आज्ञावलीत लिहायचाच राहिला, तोही व्याप्तीत दिसत नाही. ‘४ ने भाग गेला की लीप वर्ष’ एवढेच लिहिले, तर सगळ्या वाटा तपासूनही २१०० साली चूक होईल. कारण २१०० ला ४०० ने भाग जात नाही.

परीक्षेत सगळे प्रश्न सोडवले म्हणजे सगळे गुण मिळतात असे नाही. पण जो प्रश्न सोडवलाच नाही, त्याचे गुण मात्र खात्रीने जातात. व्याप्तीचा आकडा आपल्याला न सोडवलेले प्रश्न दाखवतो.

करून पाहा : वरच्या सात ओळींपैकी एकच ओळ बदलून ३६६ आणि ८०० या दोन्ही संख्यांची उत्तरे बरोबर येतील असे करा. मग तुमच्या दोन चाचण्यांनी सहाही वाटा तपासल्या जातात का, ते मोजा.