गाणारा काउबॉय आणि तुमचा लिटरेचर रिव्ह्यू

माझ्या सिनॉप्सिसच्या प्रेझेंटेशनमध्ये एक स्लाइड मी मुद्दाम हसवायला टाकली होती. विषय होता रायगड किनाऱ्यावरच्या तिवरांमधले खेकडे. जुन्या पेपरांची यादी लावली आणि म्हटलं, "हे सगळे नमुने घेतात कुठून? जेट्टीच्या शेजारून! खेकडे काय लाँचची वाट बघत उभे असतात?" दोघं-तिघं हसले. समितीतल्या एक मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "पण जेट्टीजवळूनच का घ्यायचे ते?" मला सांगता आलं नाही. सिनॉप्सिस परत आला आणि सहा महिने गेले.

आता तुम्ही लिटरेचर रिव्ह्यूला बसणार असाल, तर ही चूक तुमच्याकडूनही होऊ शकते. म्हणून आज थेट खेकड्यांबद्दल न बोलता विडंबनाबद्दल बोलते. हसण्यातही दोन प्रकार असतात, आणि त्यातला एक प्रकार म्हणजे चक्क संशोधन असतं.

१९८५ साली ह्यू विल्सन या दिग्दर्शकाने 'रस्टलर्स ऱ्हॅप्सडी' नावाचा सिनेमा काढला. त्यात गंमत केली आहे ती १९३०-४० च्या दशकांतल्या गाणाऱ्या काउबॉयच्या सिनेमांची. जीन ऑट्री, रॉय रॉजर्स ही त्यातली मोठी नावं. या सिनेमांचे नियम ठरलेले. नायकाची टोपी पांढरी, कपडे कडक इस्त्रीचे, घोडा देखणा. तो गावात येतो, गिटार वाजवून गातो, आणि गोळी झाडलीच तर खलनायकाच्या हातातलं पिस्तूल तेवढं उडवतो. रक्त नाही.

आता यावर हसणं सोपं आहे. पण मॅडमचा प्रश्न इथे विचारा: का? गाणं का, तर ऑट्री आधी रेडिओ आणि रेकॉर्डवरचा गायक होता. कमी खर्चात भराभर सिनेमे काढणाऱ्या स्टुडिओला तयार प्रेक्षक मिळत होता. रक्त का नाही, तर शनिवारच्या दुपारच्या खेळाला पोरं बसायची. पांढरी टोपी का, तर कृष्णधवल चित्रात धुळीतून दौडणाऱ्या दहा घोड्यांमध्येही आपला माणूस चटकन ओळखू यावा. म्हणजे वेडगळ वाटणाऱ्या प्रत्येक नियमामागे काहीतरी व्यवहार आहे.

विल्सनला हे नियम पाठ होते. सिनेमा सुरू होतो कृष्णधवल. निवेदक विचारतो, असे सिनेमे आज निघाले असते तर? आणि पडदा रंगीत होतो. टॉम बेरेंजरने केलेला नायक, रेक्स, अशा इतक्या गावांतून फिरलेला आहे की पुढे काय घडणार हे तो गावातल्या दारुड्याला आधीच सांगून टाकतो. सगळी गावं सारखीच, मग अंदाज चुकेल कसा?

मग दिग्दर्शक एकच गोष्ट बदलतो. दरवेळी सज्जनच जिंकतो ना? मग खलनायक भाड्याने दुसरा सज्जनच आणतात! ही भूमिका दिली आहे पॅट्रिक वेनला, म्हणजे जॉन वेनच्या मुलाला. दोन सज्जन समोरासमोर आले तर नियम काय म्हणतो? रेक्सचा आत्मविश्वासच डळमळतो. पुढे कळतं की हा दुसरा वकील आहे, म्हणजे सज्जन नव्हेच. झालं, नियम वाचला.

बाकी सगळं तसंच ठेवून एकच चल बदलायचा आणि काय मोडतं ते बघायचं. प्रयोगशाळेत आपण याला कंट्रोल्ड एक्सपरिमेंट म्हणतो. नियम आधी नेमके मांडलेले नसतील तर असा प्रयोग करताच येत नाही.

आपल्याकडेही हेच दिसतं. 'शोले'ने (१९७५) वेस्टर्नचा साचा उचलला. त्यातला आगगाडीवरचा दरोडा तर पनवेलजवळच्या रुळांवर चित्रित झाला, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात. दक्षिणेत १९७१ च्या 'मोसगाळ्ळकु मोसगाडु'पासून तेलुगू काउबॉय आला. पुढे या देशी काउबॉयचं प्रेमळ विडंबन झालं शशांक घोषच्या 'क्विक गन मुरुगन'मध्ये (२००९). त्यातला शाकाहारी काउबॉय राइस प्लेट रेड्डीशी डोशासाठी लढतो, मरतो, आणि पुन्हा अवतरतो तो थेट मुंबईत. मिशी, भडक शर्ट, संवादफेक, सगळं जसंच्या तसं. बदलला फक्त काळ आणि गाव.

आणि अस्सल मराठी उदाहरण हवं असेल तर अत्र्यांची 'झेंडूची फुले' (१९२५). केशवकुमार नावाने त्यांनी रविकिरण मंडळाच्या कवींची टर उडवली. ते जमलं, कारण अत्रे स्वतः कवी होते. वृत्त, शब्दकळा, कवीची लकब हातात असल्याशिवाय विडंबन वठत नाही. नुसती टिंगल कुणालाही करता येते. माझी स्लाइड टिंगल होती.

जेट्टीचं उत्तर मला रेवदंड्याला मिळालं. कुंडलिकेच्या खाडीत मला नेणाऱ्या होडीवाल्या काकांना मी हाच प्रश्न विचारला. ते म्हणाले, "पोरी, ओहोटीला चिखलात कालची जागा शोधून दाखव बघू." नाही सापडली. जीपीएस नसताना दर महिन्याला त्याच ठिकाणी परत यायचं, तर न हलणारी खूण लागते. ती जेट्टी. भरती चढायच्या आत पाय काढता येतो, हे वर.

तेव्हा एक गृहपाठ करा. तुमच्या विषयातले पाच जुने पेपर घ्या. सगळ्यांत सारख्या दिसणाऱ्या गोष्टी एका रकान्यात लिहा. शेजारी प्रत्येकीचं 'का' लिहा. पेपरात नसेल तर गाइडला विचारा, लॅब असिस्टंटला विचारा, होडीवाल्याला विचारा. मग बघा, यातलं कुठलं कारण आज उरलेलं नाही. तुमचा प्रश्न बहुतेक त्याच ओळीत असतो.

दुसऱ्या सिनॉप्सिसमध्ये मी जेट्टी काढली नाही. तेच पहिलं स्टेशन ठेवलं, कारण जुन्या आकड्यांशी तुलना तिथेच होणार. बाकीची स्टेशनं तिवरांच्या आत नेली, कारण आज जीपीएस खिशात आहे. बदललं एवढं एकच. या वेळी मॅडमनी 'का' विचारलं तेव्हा मला सांगता आलं.