घण थांबला, घणवाल्याचे काय?

हजरत दाऊद (अलैहिस्सलाम) यांच्यासाठी अल्लाहने लोखंड मऊ केले, असे कुराणाच्या सूरह सबामध्ये आहे. नाशिकच्या शेतकऱ्यांना खुरपी, विळे, कोयते घडवून देणाऱ्या लोहाराला मात्र ते भट्टीत तापवून, ठोकूनच वळवावे लागते. एकाने सांडशी धरायची, दुसऱ्याने घण घालायचा. फिरत्या घिसाडी कुटुंबांत हा घण अनेकदा घरच्या बाईच्या हाती असतो. उन्हाळ्यातल्या रोज्यात पाण्याविना हे काम किती जड!

जेम्स नॅस्मिथ यांनी १८४२ मध्ये वाफेच्या घणाचे पेटंट घेतले. आता छोट्या कारखान्यात मोटारीवर चालणारा हवेचा घण आला आहे. पायाखालची पट्टी दाबली की घावामागून घाव पडतात. खांदे वाचतात. पण लोखंडाची लाली उतरली, आता थांबावे, हे यंत्राला कळत नाही. ते निवत आलेले पातेही कुटते आणि तडा जातो. ती नजर कारागिराचीच.

घाम वाळण्यापूर्वी मजुरी द्यावी, ही पैगंबरसाहेबांची शिकवण सर्वांना ठाऊक आहे. यंत्राने ज्याचा घामच थांबवला, त्या घणवाल्याला मालकाने सांडशी धरायला, रंग ओळखायला, पात्याला पाणी द्यायला शिकवले, तर त्याची रोजी टिकेल.