अवघड जागेचं दुखणं (लेखांक ६) : सूज, शुगर आणि घड्याळ

शिश्नाला सूज आली की पुरुषाच्या मनात पहिला प्रश्न येतो, ‘कुठून लागलं?’ आणि पहिला आठवतो तो मेडिकलवाला. घरचे डॉक्टर वडिलांच्या ओळखीचे, बायकोला सांगायची हिंमत नाही. मग काउंटरवरची गर्दी ओसरेपर्यंत उगाच रेंगाळायचं आणि हळूच खाजेचं मलम मागायचं. मिळते ती ट्यूब बहुधा तीन औषधं एकत्र केलेली असते : बुरशीवरचं, जंतूंवरचं आणि जोडीला कडक स्टेरॉइड. स्टेरॉइडने दोन दिवसांत लाली ओसरते, माणूस खूश होतो. पण त्याच स्टेरॉइडने तिथल्या कातडीची प्रतिकारशक्ती दबते, बुरशी हातपाय पसरते आणि ट्यूब संपली की दुखणं पुन्हा हजर. इथली कातडी मुळात पातळ. तिच्यावर असं मलम महिनोन्‌महिने चोळलं तर ती आणखी विरविरीत होते.

‘कुठून लागलं’ याचं उत्तर बऱ्याचदा ‘कुठूनच नाही’ असं असतं. कारण रक्तातल्या साखरेत असतं, कालच घेतलेल्या गोळीत असतं, साबणात असतं, कधी मूत्रपिंडात असतं.

एक गोष्ट आधी समजून घेऊ. शिश्नाच्या कातडीखाली चरबीचा थर नसतो आणि कातडी सैल असते. त्यामुळे थोडं पाणी साठलं तरी ती भरभर फुगते. दंडाला डास चावला तर गांधी उठते. तोच इथे चावला तर बघणारा हादरतो. सूज मोठी म्हणजे आजार मोठा, हा हिशेब या जागी चालत नाही.

सर्वांत जास्त दिसते ती बोंडाची आणि त्यावरच्या कातडीची सूज. बोंड लाल होतं, पांढरट चिकट थर येतो, कातडीच्या टोकाला बारीक चिरा पडतात, मागे घेताना आग होते. चाळिशीच्या पुढचा माणूस हे घेऊन आला, की मी मलमाआधी शुगर तपासायला सांगतो. साखर वाढलेली असेल तर ती लघवीतून जाते, लघवीचे थेंब कातडीखाली राहतात आणि कँडिडा नावाच्या बुरशीचं आयतंच फावतं. मधुमेह आहे हे कित्येकांना याच दुखण्यामुळे पहिल्यांदा कळतं. अशा वेळी क्लोट्रिमॅझोलचं साधं, स्टेरॉइड नसलेलं मलम दिवसातून दोनदा, आठवडा ते दोन आठवडे, इतकं बहुधा पुरतं. पण शुगर आटोक्यात नसेल तर महिन्याभरात पुन्हा तेच, आणि दरवेळी चिरा भरताना कातडी आवळत जाऊन शेवटी मागेच सरकेनाशी होते. मग सुंता करावी लागते.

यात अलीकडे एक नवं कारण आलंय. डापाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या गोळ्या मूत्रपिंडाला साखर परत शोषू देत नाहीत, ती लघवीतून बाहेर काढतात. हृदयाला आणि मूत्रपिंडाला त्यांचा मोठा फायदा आहे, याबद्दल वाद नाही. भारतात डापाग्लिफ्लोझिनचं मूळ पेटंट २०२० मध्ये आणि एम्पाग्लिफ्लोझिनचं २०२५ मध्ये संपलं, किमती उतरल्या, आणि आता तालुक्याच्या दवाखान्यातही त्या सर्रास लिहिल्या जातात. फक्त लिहून देताना एक वाक्य सांगायचं राहून जातं : रोज कातडी मागे घेऊन कोमट पाण्याने धुवा आणि कोरडं करा. ते न सांगणं ही आम्हा डॉक्टरांची हयगय, दुसरं काही नाही. या गोळीवर असताना बुरशी झाली तर गोळी परस्पर बंद करू नका, डॉक्टरांना सांगा. आणि धुवायला नुसतं पाणी. साबण आणि डेटॉलने आधीच सोललेली कातडी आणखी सुजते.

गोळ्यांचा आणखी एक चमत्कारिक प्रकार आहे. काही जणांना जुलाबाची ऑर्निडाझोल, कोट्रायमोक्साझोल किंवा एखादी वेदनाशामक गोळी घेतली की काही तासांत बोंडावर ठरावीक ठिकाणीच लाल, आगआग करणारा चट्टा उठतो. कधी फोड येऊन सालटं जातं. बरा झाला की काळपट डाग राहतो. पुढच्या वेळी तीच गोळी घेतली की पुन्हा तिथेच. ही औषधाची ॲलर्जी आहे. पण ‘गरमी झाली’ म्हणून गावोगाव इंजेक्शनं घेत हिंडलेले लोक मी पाहिलेत. गोळीचं नाव शोधून काढायचं, कागदावर लिहून पाकिटात ठेवायचं आणि ती जन्मात पुन्हा घ्यायची नाही, हाच इलाज.

खरोखरच लैंगिक संबंधातून लागण झाली असेल, म्हणजे व्रण, पू, जांघेत गाठी असं काही असेल, तर सरकारी रुग्णालयातल्या ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये तपासणी आणि औषध मोफत मिळतं. उपचार दोघांनीही घ्यायचे. एकट्याने घेतले तर ते वाया जातात.

आता ज्याला घड्याळ लागतं ते. कातडी मागे घेतली आणि पुढे आणायची राहिली, तर तिचा आवळ बोंडामागे अडकतो, पुढचा भाग सुजतो आणि सुजेमुळे ती पुढे येतच नाही. हे कुठे घडतं? बऱ्याचदा दवाखान्यातच. आजोबांना लघवीची नळी घालताना कातडी मागे सारतात आणि घातल्यावर तशीच सोडतात. घरी अंग पुसून देणाऱ्या मुलाने, सुनेने किंवा आयाबाईने ही एक गोष्ट ध्यानात ठेवावी : स्वच्छ केलं की कातडी पुढे. अडकलीच तर सुजलेला भाग मुठीत धरून पाच-दहा मिनिटं सलग, शांतपणे दाबायचा, म्हणजे पाणी मागे हटतं. मग अंगठ्यांनी बोंड आत ढकलत बोटांनी कातडी पुढे ओढायची. पाणी शोषून घ्यायला डॉक्टर कधी कधी सुजेवर साधी साखर लावतात, आणि ती कामही करते. जमलं नाही, दुखणं वाढलं, बोंड निळसर पडू लागलं, तर त्याच तासाला सर्जनकडे. तिथे भूल देऊन एक लहानसा छेद घेतला की आवळ सुटतो.

लहान मुलांचं वेगळं. तान्ह्या बाळाची कातडी बोंडाला चिकटलेलीच असते, ती वर्षागणिक आपोआप सुटते. अंघोळ घालताना तेल लावून रोज ओढायचा सल्ला शेजारणी देतात. तो ऐकू नये. कातडी फाटते, वण धरतो आणि नसलेला आजार तयार होतो. पँटच्या चेनमध्ये अडकली तर हिसका नको. तेल सोडा, नाहीतर चेनचं कापड कापा. आणि मुलाला तिथल्या सुजेबरोबर सकाळी डोळेही सुजलेले दिसले, तर दुखणं मूत्रपिंडाचं असू शकतं. लघवीत प्रथिनं जातात का ते त्याच दिवशी बघा.

विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेलच्या मुलांच्या आईवडिलांना मला मुद्दाम सांगायचंय. या आजारात रक्त शिश्नात अडकून राहतं. इच्छा नसताना ताठरता येते, दुखते आणि जात नाही. बहुतेकदा पहाटे. पोरगं लाजून पांघरुणात पडून राहतं. चार तासांच्या पुढे गेलं तर आतल्या पेशी मरू लागतात आणि पुढे आयुष्यभराचं नपुंसकत्व येऊ शकतं. रुग्णालयात सुईने ते रक्त काढून इंजेक्शन देतात. वयात येण्याआधीच मुलाला हे बापाने सांगावं.

संभोगात ‘कट्’ असा आवाज, लगेच ताठरता जाणं, आणि वांग्यासारखी जांभळी सूज (शल्यचिकित्सेच्या पुस्तकांतही उपमा वांग्याचीच आहे) म्हणजे आतलं आवरण फाटलंय. शक्य तितक्या लवकर शस्त्रक्रिया केली तर बहुतेक जण पूर्ववत होतात. थांबलं तर वाकडेपणा राहतो. मधुमेही माणसाला ताप, सुजेच्या मानाने फारच जास्त दुखणं आणि कातडीला काळपटपणा, असं एकत्र दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही. ती गँगरीनची सुरुवात असू शकते आणि ती तासातासाने पसरते.

पन्नाशीनंतर कातडी मागे जाईनाशी झाली, आतून दुर्गंधी येतेय, टणक गाठ लागतेय, तर तुकडा काढून तपासावा. कर्करोग असला तरी लहान असताना इंद्रियाचा बराचसा भाग वाचवता येतो.

युरॉलॉजिस्ट जिल्ह्याच्या गावी. पण अडकलेली कातडी सोडवायला किंवा पहिली तपासणी करायला उपजिल्हा रुग्णालयातला सर्जन पुरेसा आहे. रात्र असेल तर १०८ ला फोन करा. आणि या लेखातलं मलमाचं नाव चिठ्ठीवर लिहून मेडिकलमध्ये नेऊ नका. आधी एकदा कोणाला तरी दाखवा आणि शुगर तपासून घ्या. पुढच्या आठवड्यात अंडवृद्धी आणि हत्तीरोग.