रायपूरची कामाची फेरी आणि बॅगेतला डेटा : पंचवीस वर्षांचा मागोवा

कामाच्या प्रवासात कंपनीची यंत्रे आणि माहिती सुरक्षित ठेवणे हा प्रश्न रायपूरच्या बाबतीत नव्या राज्याबरोबरच वयात आला. माहिती तंत्रज्ञान कायदा 17 ऑक्टोबर 2000 रोजी लागू झाला आणि पंधरवड्यात, 1 नोव्हेंबरला, छत्तीसगड स्वतंत्र राज्य होऊन रायपूर राजधानी बनले. उरला आणि सिलतरा इथले स्पंज आयर्नचे कारखाने, रोलिंग मिल आणि आता सरकारी खाती यांच्याकडे नागपूर, पुणे, मुंबईहून माणसे येऊ लागली. हावडा-मुंबई मुख्य मार्गावरची गीतांजली किंवा आझाद हिंद ही त्यांची गाडी. दरपत्रके आणि यंत्रांचे नकाशे तेव्हा फायलीत, कागदावर असत. लॅपटॉप मोजक्यांकडे होता आणि त्याची सुरक्षा म्हणजे बर्थखाली साखळी-कुलूप. चोराला यंत्र विकायचे होते. आतल्या फायलींशी त्याला देणेघेणे नव्हते.

पुढच्या दहा वर्षांत कागद पेन ड्राइव्हमध्ये गेला. सुधारलेले कोटेशन छापायचे तर स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत किंवा झेरॉक्सच्या दुकानात पेन ड्राइव्ह लावावा लागे आणि तिथून व्हायरस घेऊन तो ऑफिसच्या संगणकात जाई. 2008 साली जगभर पसरलेला कॉनफिकर याही वाटेने फिरला. ड्राइव्ह लावताच आतला प्रोग्राम आपोआप चालू होण्याची विंडोजमधली सोय मायक्रोसॉफ्टने फेब्रुवारी 2011 मध्ये अपडेट पाठवून बंद केली, तेव्हा हा रस्ता बराच अरुंद झाला. त्याच वर्षीच्या सायबर कॅफे नियमांनी ग्राहकाचे ओळखपत्र आणि वर्षभराची नोंद सक्तीची केली. तपासाला त्याचा उपयोग झाला, पण कॅफेच्या ‘डाउनलोड्स’मध्ये मागे राहिलेली दरपत्रकाची फाइल तशीच राहिली.

चोरीला गेलेल्या लॅपटॉपचा पासवर्ड पुरेसा आहे, हा समज या काळात फार महागात पडण्यासारखा होता. हार्ड डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली की सगळ्या फायली उघड्या होत. उपाय म्हणजे संपूर्ण डिस्क एन्क्रिप्ट करणे. 2007 च्या विंडोज व्हिस्टात बिटलॉकर आले, पण वरच्या आवृत्त्यांपुरते. लहान कंपन्या घेत ती ‘होम’ आवृत्ती त्याविना होती. फोनच्या बाबतीत सुधारणा जास्त झपाट्याने झाली. 2014 पासून आयफोनमध्ये आणि पाठोपाठ नव्या अँड्रॉइड फोनमध्ये स्क्रीनलॉक लावला की आतली माहिती आपोआप एन्क्रिप्ट होऊ लागली. गेल्या पंचवीस वर्षांतल्या उपायांपैकी खऱ्या अर्थाने टिकले ते असेच, प्रवाशाच्या लक्षात राहण्यावर न विसंबणारे.

एप्रिल 2016 मध्ये गूगल आणि रेलटेलचे मोफत वायफाय ज्या स्थानकांवर पोचले, त्यांत पुण्याबरोबर रायपूरही होते. खुल्या वायफायची भीती तेव्हा ताजी होती. 2010 साली फायरशीप या साध्या प्रोग्रामने शेजारच्या माणसाचे खाते कसे ताब्यात घेता येते ते दाखवले होते आणि 2014 मध्ये हॉटेलांच्या वायफायवरून कंपन्यांच्या अधिकाऱ्यांना गाठणारी ‘डार्कहॉटेल’ टोळी उघडकीला आली होती. बहुतेक संकेतस्थळे एचटीटीपीएसवर गेल्यावर हा धोका ओसरला. भारतात त्याहून मोठा फरक सप्टेंबर 2016 मध्ये आलेल्या जिओने केला. डेटा स्वस्त झाला आणि स्वतःच्या फोनचा हॉटस्पॉट हीच सरळ सवय बनली. सार्वजनिक चार्जिंग पॉइंटमधून माहिती चोरली जाते, हा इशारा मात्र जितका गाजला तितकी सिद्ध प्रकरणे पुढे आली नाहीत. स्वतःचा चार्जर साध्या प्लगमध्ये लावला की तो प्रश्न उरत नाही.

ज्याच्याकडे सर्वांत कमी लक्ष गेले ती वस्तू बोटाएवढी आहे : ई-निविदेवर सही करण्याचा डिजिटल सही प्रमाणपत्राचा (डीएससी) टोकन. दिसायला पेन ड्राइव्ह, पण आत कंपनीच्या वतीने सही करण्याचा अधिकार. तो किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवलेला, पासवर्डची चिठ्ठी त्याच्याच टोपणाला चिकटवलेली, किंवा निविदा भरून देणाऱ्याच्या टेबलावर महिनोन्‌महिने पडलेला असतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 42 याबाबत कडक आहे. सहीची गुप्त किल्ली स्वतःच्या ताब्यात ठेवणे हे धारकाचे कर्तव्य आहे; ती धोक्यात आली तर प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला विनाविलंब कळवावे लागते आणि कळवेपर्यंत जबाबदारी त्याचीच राहते.

मार्च 2020 च्या टाळेबंदीत लॅपटॉप सरसकट ऑफिसबाहेर पडले. व्हीपीएन, दोन टप्प्यांचे लॉगिन, दुरून यंत्र पुसण्याची सोय हे सगळे तोवर मोठ्या कंपन्यांपुरते होते, ते मध्यम कंपन्यांतही आले. डिसेंबर 2022 मध्ये बिलासपूर-नागपूर वंदे भारत सुरू झाली. रायपूर ते नागपूर हे सुमारे चार तास आता खुर्चीत बसून, लॅपटॉप उघडून काम करण्याचे झाले. शेजारच्याला स्क्रीन वाचता येते आणि फोनवर मोठ्याने सांगितलेला दर मागच्या रांगेपर्यंत ऐकू जातो. तिथे एन्क्रिप्शनचा काही उपयोग नाही.

यंत्र हरवल्यावर काय करायचे, हा भाग सर्वांत उशिरा सुधारला. गोंदिया आणि डोंगरगडच्या मध्ये राज्याची हद्द आहे. चोरी कुठे झाली हे प्रवाशाला सांगता येत नाही, म्हणून तक्रार कुणी घ्यायची यावर वेळ जाई. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 ने हद्दीचा विचार न करता गुन्हा नोंदवण्याला कायद्याचा आधार दिला. त्याआधी, मे 2023 मध्ये, संचार साथी पोर्टलमुळे हरवलेला फोन देशभर ब्लॉक करता येऊ लागला. इथे क्रम महत्त्वाचा ठरतो. दुरून पुसण्याचा आदेश फोन इंटरनेटवर असेल तरच पोचतो. सिम आधी बंद केले तर तो रस्ताच तुटतो. उशीर केला तर बँकेचे ओटीपी चोराच्या हाती जातात. म्हणून पहिला फोन ऑफिसला करायचा. तिथून खाती साइन आउट करून पुसण्याचा आदेश सुटला की लगेच सिम, मग तक्रार, आणि तिच्या प्रतीवर पोर्टलवरचे ब्लॉकिंग.

कंपनीवरचा घड्याळाचा धाकही वाढला आहे. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार डेटाभंगासारखी घटना लक्षात आल्यापासून 6 तासांत तिला कळवावी लागते. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा 2023 चा. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले आणि मुख्य बंधने त्यानंतर 18 महिन्यांनी लागू होतात. मग कामगारांची यादी किंवा ग्राहकांचे क्रमांक असलेला लॅपटॉप गाडीत राहिला, तर या कायद्याखालच्या माहिती संरक्षण मंडळाला आणि संबंधित माणसांनाही कळवणे भाग पडेल. दरपत्रके आणि यंत्रांचे नकाशे मात्र या कायद्याच्या कक्षेत येत नाहीत. त्यांचे रक्षण गोपनीयतेचे करार आणि कंपनीचे स्वतःचे नियम यांवरच चालते.