पडद्यामागची मराठी : लेखांक ७ – वऱ्हाडातला 'ऱ'

लग्नसराईत अंबरनाथ पूर्वेच्या एखाद्या पत्रिकावाल्याकडे हा संवाद हमखास कानावर येतो. 'मजकूर व्हॉट्सॲपवर पाठवलाय की, तोच चिकटवा.' दुकानदार मुकाट्याने चिकटवतो आणि पानजुळणीच्या पेजमेकर या प्रोग्रॅममधल्या पानावर प्रश्नचिन्हांची रांग उमटते. मग 'वऱ्हाडी मंडळी'पासून सगळे पुन्हा टाइप करायचे.

फोनवर स्वच्छ दिसणारी मराठी इथे का गळपटते?

पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती, ७.०, २००१ची. तिला युनिकोड, म्हणजे फोनवरची मराठी साठवण्याची पद्धत, कळत नाही. जुन्या फॉन्टमध्ये वेलांटी हे सुटे चित्र. 'शि' लिहिताना आधी वेलांटी, मग श. युनिकोडमध्ये मात्र उच्चाराप्रमाणे आधी श साठवला जातो, मग वेलांटी. ती उचलून श-च्या आधी मांडायची, र-चा रफार करून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसवायचा, हे काम दुसऱ्याच एका प्रोग्रॅमचे.

विंडोजमध्ये हे काम करणाऱ्याचे नाव युनिस्क्राइब, फाइल 'यूएसपी१०.डीएलएल'. विंडोज एक्सपीवर मराठी नीट दिसायला कंट्रोल पॅनेलमधल्या भाषांच्या खिडकीत एका चौकोनात टिक करावी लागे आणि सीडी घालावी लागे. ही झाली अधिकृत वाट. तरीही जोडाक्षरे तुटली, की जाणकार आडवाट धरत: ऑफिस २००३ सोबत आलेली याच फाइलची नवी प्रत उचलायची आणि जुन्या प्रतीच्या जागी ठेवायची. विंडोजचा पहारा जुनी प्रत परत जागेवर आणून ठेवी, म्हणून त्यालाही चकवावे लागे. कुठल्याही पुस्तिकेत नसलेल्या या युक्तीवर भारतीय भाषांतले कितीतरी संगणक चालले.

दुसरीकडे बेहदाद एस्फाहबोद हा इराणी-कॅनेडियन प्रोग्रॅमर हेच काम करणारा मुक्तस्रोत प्रोग्रॅम घडवत होता: हार्फबझ. मायक्रोसॉफ्टने भारतीय लिप्यांचे नियम छापले होते, पण युनिस्क्राइबच्या सगळ्याच लकबी त्यांत नव्हत्या. फॉन्ट मात्र त्या लकबी गृहीत धरून बनलेले. मग विकिपीडियातले शब्द दोन्ही प्रोग्रॅमना द्यायचे आणि उत्तरे ताडून पाहायची, असा खटाटोप २०१२च्या सुमारास सुरू झाला. देवनागरीचे सात लाखांहून अधिक शब्द असे तपासले गेले. न जुळणारे शंभराच्या आत आले. युनिस्क्राइबची चूकही कधी कधी मुद्दाम गिरवावी लागे, नाहीतर जुने फॉन्ट बिघडत.

गंमत अशी, की हार्फबझची १.० आवृत्ती आली २०१५मध्ये. तोवर तो ०.९च्याच पायरीवर होता, म्हणजे कागदोपत्री कच्चा. पण फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड यांनी तो आधीच घरात घेतला होता. अँड्रॉइड फोनवर आलेला पत्रिकेचा मजकूर सरळ दिसतो तो याच प्रोग्रॅममुळे.

'वऱ्हाडी'तला 'ऱ' मात्र अजून फसवतो. जुन्या रीतीने तो र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह मिळून बनतो. युनिकोडने सुचवलेल्या रीतीत नुक्ता असलेला ऱ आणि हलन्त. दिसायला दोन्ही सारखे, साठवणीत वेगळे. मजकूर एका ॲपमधून दुसऱ्यात नेताना ते अदृश्य चिन्ह गळाले, की 'वऱ्हाडी'चे 'वर्हाडी' होते. पत्रिकेचे प्रूफ वाचणारा मामा ते बरोबर पकडतो आणि बिल कमी करायला सांगतो.

(पुढील लेखांकात : शोधपेटीला 'ऱ' का सापडत नाही?)