टोमॅटो फक्त तीन

ॲस्डा : ३. टेस्को : ३. आल्डी : ३. मॉरिसन्स : २.

२०२३ सालच्या फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा. ब्रिटनसारख्या श्रीमंत देशातल्या साखळी दुकानांत एका गिऱ्हाइकाला टोमॅटोची किती पाकिटं घेता येतील, त्याचे हे आकडे. ॲस्डाने २१ तारखेला सुरुवात केली. टोमॅटोच नव्हे, तर ढोबळी मिरची, काकडी, लेट्यूस, ब्रोकोली, फ्लॉवर, रास्पबेरी अशा सगळ्यांनाच तीनचा नियम लागला. दुसऱ्या दिवशी मॉरिसन्सने दोनवर आणलं. मग टेस्को, आल्डी आणि पुढच्या सोमवारी लिडल. रिकाम्या मांडण्यांचे फोटो फिरू लागले, आणि त्यांच्या शेजारी स्पेनमधल्या, फ्रान्समधल्या, अगदी युद्ध चालू असलेल्या युक्रेनमधल्या भरलेल्या मांडण्यांचे. एक बाजू म्हणाली, हे ब्रेक्झिटचं फळ. दुसरी म्हणाली, थंडी पडली, त्याला राजकारण काय करणार?

या भांडणात दोन शून्यं ठेवून पाहू. युरोपीय संघातून ब्रिटनमध्ये येणाऱ्या टोमॅटोवर त्या आठवड्यात आयातशुल्क होतं शून्य, कारण २०२० च्या डिसेंबरमध्ये झालेल्या करारात दोन्ही बाजूंनी शुल्क आणि कोटा दोन्ही नकोत असं ठरलं होतं. आणि त्या टोमॅटोची ब्रिटिश बंदरात होणारी कीड-रोगाची तपासणी? तीही शून्य. ब्रिटनने ती सुरूच केली नव्हती, पुढे ढकलत नेली होती. म्हणजे भिंत होती म्हणून टोमॅटो अडला, असं सरळ म्हणायची सोय नाही. तरी मांडणी रिकामी होतीच.

मग टोमॅटो गेला कुठे?

हिवाळ्यात ब्रिटन जे टोमॅटो खातो त्यांतले सुमारे ९५ टक्के बाहेरून येतात, लेट्यूस ९० टक्के. हे आकडे तिथल्या किरकोळ व्यापाऱ्यांच्या संघटनेचेच आहेत. यातला मोठा वाटा दोन ठिकाणांचा : स्पेनचा अल्मेरिया प्रांत, जिथे तीस हजारांहून अधिक हेक्टर जमीन प्लास्टिकखाली आहे, आणि मोरोक्को. दोन्हीकडे बहुतेक शेडना हीटर नसतो, ऊन हेच इंधन. त्या जानेवारीत ऊन कमी पडलं, रात्री गारठल्या, फळ पिकायचं थांबलं. वादळामुळे मोरोक्कोहून सुटणाऱ्या फेऱ्याही रद्द झाल्या. इथवर हवामानवाल्यांचं म्हणणं खरं आहे.

पण थंडी अल्मेरियात पडली, तर माद्रिद आणि पॅरिसच्या मांडण्याही तितक्याच रिकाम्या दिसायला हव्या होत्या. माल कमी होता, आणि जो होता तो कुणाकडे आधी जाणार, हा खरा प्रश्न होता. आपल्याकडच्या कुठल्याही अडत्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. माल तुटीचा असला की तो जातो जास्त भाव देणाऱ्याकडे. भाव सारखाच असेल तर जवळच्याकडे. तेही सारखं असेल तर कटकट कमी करणाऱ्याकडे. ब्रिटन या तिन्ही कसोट्यांवर मागे पडला.

आधी भाव. ब्रिटिश साखळी दुकानं उत्पादकाशी हंगामाआधीच भाव ठरवून टाकतात आणि गिऱ्हाइकाला वर्षभर जवळपास तोच भाव दाखवतात. टोमॅटो महाग झाला म्हणून पाटीवरचा आकडा रातोरात दुप्पट करणं त्यांना परवडत नाही, कारण समोरच्या रस्त्यावर आल्डी उभा असतो. त्याच दिवसांत तिथले इटालियन उपाहारगृहवाले सांगत होते की पाच पौंडांची टोमॅटोची पेटी वीस पौंडांना पडते आहे. म्हणजे पेटी मिळत होती. चौपट मोजणाऱ्याला मिळत होती, ठरल्या भावाला अडून बसलेल्याला नाही.

इथे आपली आठवण काढायलाच हवी. त्याच वर्षी जुलैमध्ये भारतात टोमॅटो शंभरी ओलांडून काही शहरांत दोनशेच्या घरात गेला. मंडईत कुणी ‘माणशी तीन’ अशी पाटी लावली नाही. भावानेच गिऱ्हाइकाला पांगवलं. केंद्र सरकारने ९० रुपये किलोने टोमॅटो विकायला काढला, मग ८०, मग ७०. ऑगस्टमध्ये नेपाळहून टोमॅटो आणत असल्याचं अर्थमंत्र्यांनी लोकसभेत सांगितलं. तुटवडा दोन्हीकडे. आपल्याकडे तो गरिबाच्या भाजीत दिसला, तिकडे सगळ्यांना सारखाच दुकानाच्या मांडणीवर. यातलं न्याय्य कोणतं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

आता अंतर आणि कटकट. शुल्क शून्य असलं तरी २०२२ च्या जानेवारीपासून युरोपातून येणाऱ्या प्रत्येक मालाचा सीमाशुल्काचा पूर्ण कागद भरावा लागत होता. अल्मेरियाहून रॉटरडॅमला निघालेल्या ट्रकला तो लागत नाही. ट्रकवाल्याच्या हिशेबात इंग्लंड म्हणजे खाडी ओलांडायची, कागद दाखवायचे आणि परतीचा माल मिळेल की नाही याची धाकधूक. एरवी हा फरक किलोमागे काही पेन्सचाच. पण दहा गिऱ्हाइकं दारात आणि माल सहांपुरता, अशा वेळी तेवढाही पुरतो.

या कागदांची किंमत मोजायचा एक प्रयत्न लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधल्या सेंटर फॉर इकॉनॉमिक परफॉर्मन्सने केला. डिसेंबर २०१९ ते मार्च २०२३ या काळात ब्रिटनमधलं अन्न सुमारे २५ टक्क्यांनी महागलं. ब्रेक्झिट नसतं तर त्या पंचविसातले ८ वजा झाले असते, असा त्यांचा निष्कर्ष. पैशांत सांगायचं तर एकूण ६९५ कोटी पौंड, घरटी सरासरी २५० पौंड. याच अभ्यासात आणखी एक गोष्ट आहे, जी ब्रेक्झिटविरोधक सहसा उद्धृत करत नाहीत : हा बोजा मुख्यतः मांस आणि चीज यांच्यावर पडला, कारण त्यांनाच प्रमाणपत्रांचा जाच अधिक. टोमॅटो या यादीत खलनायकही नाही आणि बळीही नाही. मार्च २०२३ मध्ये ब्रिटनचा अन्नमहागाईचा वार्षिक दर १९.२ टक्क्यांवर गेला, पंचेचाळीस वर्षांतला सर्वांत वरचा. तो सगळा ब्रेक्झिटच्या खात्यावर मांडणं ही हिशेबातली लबाडी होईल.

राजकारणाचा सर्वांत ठसठशीत हात मला सीमेवर दिसत नाही, तो दिसतो लंडनच्या उत्तरेला ली व्हॅलीत. काचेच्या घरांमध्ये काकडी, टोमॅटो, ढोबळी मिरची पिकवणारा हा जुना पट्टा. इथली शेती गॅसवर चालते. युक्रेन युद्धाआधीच्या साध्या वर्षांत ब्रिटनमध्ये घाऊक गॅस एका थर्मला ५० पेन्सच्या आसपास असे. ऑगस्ट २०२२ मध्ये तो ६०० च्या वर गेला. एक काकडी पिकवायला पूर्वी २५ पेन्स लागत, २०२२ च्या वसंतात तो खर्च दुप्पट झाला आणि ७० वर जाणार असा तिथल्या शेतकरी संघटनेचा अंदाज होता. दुकानं तेवढा भाव देईनात. मग अनेकांनी रोपंच लावली नाहीत, काचेची घरं रिकामी ठेवून ते थंडी सरायची वाट पाहत बसले. नेदरलँड्समध्येही दिवे लावून पिकवणाऱ्यांनी तेच केलं.

जानेवारी २०२३ मध्ये ब्रिटिश सरकारने जास्त ऊर्जा लागणाऱ्या उद्योगांसाठी गॅस-विजेची खास सवलत जाहीर केली. यादीत वनस्पती उद्याने आणि प्राणिसंग्रहालयं होती. काचेखाली भाजी पिकवणारे नव्हते. म्हणजे कौतुकाने पाहायच्या ताडाच्या झाडाला ऊब मिळणार होती, खायच्या काकडीला नाही. सवलत एप्रिलपासून लागू व्हायची होती, म्हणून फेब्रुवारीचा तुटवडा तिने टळला नसता हे खरं. पण रोप लावायचं की नाही हे शेतकरी पुढचं बघूनच ठरवतो.

आणि मोरोक्को? तिथेही घरच्या बाजारात टोमॅटो भडकला होता आणि रमजान महिन्यावर आला होता. फेब्रुवारीतच मोरोक्कोने पश्चिम आफ्रिकेला जाणारा टोमॅटो, कांदा आणि बटाटा रोखला. युरोपची दारं उघडी ठेवली आणि शेजारच्या गरीब देशांची बंद केली. ब्रिटनच्या रिकाम्या मांडणीचे फोटो जगभर छापले गेले. सेनेगल, मॉरिटानियाच्या बाजारांचे किती छापले?

तपासण्यांचं पुढे काय झालं, तेही सांगतो. पाच वेळा पुढे ढकलून अखेर ३० एप्रिल २०२४ पासून युरोपीय मांस, चीज, काही रोपं यांची प्रत्यक्ष तपासणी सुरू झाली. डोव्हर आणि खाडीखालच्या बोगद्यातून येणाऱ्या अशा मालाला तेव्हा जिनसेमागे २९ पौंडांपर्यंत शुल्क, एका खेपेला जास्तीत जास्त १४५. हा आकडा साधा दिसतो, म्हणून भागून पाहा. वीस टन एकाच जातीचं चीज आणणाऱ्याला किलोमागे पाव पेनीही पडत नाही. पाच प्रकारचं मिळून पाचशे किलो आणणाऱ्या छोट्या दुकानदाराला किलोमागे २९ पेन्स. एकच नियम, पण दोघांत जवळपास दोनशे पटींचा फरक. मोठ्या साखळीला अडथळा जाणवत नाही, कोपऱ्यावरच्या दुकानाला अडवायला तो पुरतो. सीमेची ही सगळी व्यवस्था उभी करायला ४७० कोटी पौंड लागतील, असा तिथल्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाचा २०२४ चा अंदाज होता. आणि मे २०२५ मध्ये लंडनच्या शिखर बैठकीत दोन्ही बाजूंनी ठरवलं की बहुतेक तपासण्या मोडीत काढणारा करार करायचा. युरोपीय फळं-भाज्यांवरची तपासणी तर त्यानंतर थेट ३१ जानेवारी २०२७ पर्यंत लांबवली. बांधायचं, मग पाडायचं. पावती करदात्याच्या नावे.

फेब्रुवारी ते एप्रिल या काळात ब्रिटनच्या त्याच साखळी दुकानांमध्ये नाशिकची द्राक्षं असतात. त्यांना मात्र तपासणीतल्या शून्याचं सुख नाही. प्लॉटची नोंदणी, प्रयोगशाळेत रेसिड्यूची तपासणी, मगच पॅकहाउस, प्रीकूलिंग, पेटीत ग्रेप गार्डचा कागद आणि समुद्र. २०१० साली क्लोरमेक्वाट या वाढरोधकाचे अंश सापडल्यावर युरोपने कंटेनर अडवले, तेव्हा अनेक बागायतदारांचं वर्ष बुडालं. २०२४ च्या हंगामात तर अडथळा कुठल्या कागदाचाही नव्हता. तांबड्या समुद्रात येमेनच्या हुथी बंडखोरांचे हल्ले चालू झाले आणि जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली, प्रवासात दोन आठवड्यांपर्यंत भर पडली. तरीही २०२३-२४ मध्ये भारताची द्राक्षनिर्यात ३.४४ लाख टनांवर गेली, किंमत ३,४६० कोटी रुपये. आदल्या वर्षी ती २.६८ लाख टन होती. अडथळा कठीण होता, पण नियम माहीत होते.

कांद्याला तेवढंही मिळालं नाही. १९ ऑगस्ट २०२३ ला ४० टक्के निर्यातशुल्क, ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलरचं किमान निर्यातमूल्य, डिसेंबरात सरसकट बंदी, मे २०२४ मध्ये ५५० डॉलर आणि ४० टक्क्यांच्या अटीवर सुटका, सप्टेंबरात २० टक्के, १ एप्रिल २०२५ ला शून्य. वीस महिन्यांत सहा नियम. निर्यात २०२२-२३ मधल्या २५.२५ लाख टनांवरून पुढल्या वर्षी १७.१७ वर आली, आणि त्यापुढल्या वर्षी १८ मार्चपर्यंत ११.६५ लाख टनच झाली. शुल्क शून्य होणार असं जाहीर झालं, त्याच्या आदल्या दिवशी लासलगावात सर्वसाधारण भाव होता क्विंटलला १,३३० रुपये. ढाका, कोलंबो, दुबईच्या दुकानदाराने मधल्या काळात दुसरा घाऊक व्यापारी शोधला असेल तर त्याला दोष कसा द्यायचा? ब्रिटनने विकणाऱ्याला कंटाळा आणला, आपण विकत घेणाऱ्याला.

टोमॅटोकडे परत येऊ. २३ फेब्रुवारी २०२३ ला ब्रिटिश संसदेत पर्यावरण व अन्नमंत्री थेरेस कॉफी यांनी सुचवलं, की लोकांनी हंगामानुसार खावं, लेट्यूस-टोमॅटोऐवजी सलगमसारख्या भाज्यांचा विचार करावा. सलगम म्हणजे आपल्या मुळ्याच्या गोतातला थंड हवेचा कंद. सल्ला वाईट नव्हता. एकेकाळी देशातल्या सर्वांत मोठ्या सलगम उत्पादकांत गणल्या जाणाऱ्या एका शेतकऱ्याला पत्रकारांनी लगेच गाठलं. त्याने सांगितलं, मजुरी वाढली, साखळी दुकानं भाव वाढवून देईनात, म्हणून आपण सलगम लावणं सोडून दिलं आहे.